गुलमर्गची बर्फसफर : स्नोमोबाइलवर बसण्याआधी कुटुंबानं करायची तयारी

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. कधी स्टाफरूममध्ये, कधी लग्नाच्या दावतीत. "सर, काश्मीरला बर्फात जायचंय, ती बर्फावरची गाडी चालवायचीय, मुलं मागे लागलीत. कधी जावं, किती दिवस, अम्मी-अब्बांना नेता येईल का?"

ही बर्फावरची गाडी म्हणजे स्नोमोबाइल. गुलमर्गला तिला कुणी स्नो बाइक म्हणतं, कुणी स्नो स्कूटर. आमच्या पहिल्या सफरीत आम्ही काहीच न विचारता तिच्यावर बसलो आणि चुका करून शिकलो. तुमची तशी गत होऊ नये म्हणून ही माहिती एका जागी मांडतो आहोत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो : स्नोमोबाइलवरचा वेळ अर्ध्या-पाऊण तासाचा असतो, पण तो सुखाचा जाईल की त्रासाचा, हे घरी केलेल्या तयारीवर ठरतं.

ही गाडी चालते कशी?

स्नोमोबाइलला चाकं नसतात. पुढं दोन स्की म्हणजे घसरपट्ट्या असतात, त्या हँडलनं वळतात. मागं रबराचा रुंद पट्टा इंजिनाच्या जोरावर फिरतो आणि बर्फ मागं ढकलत गाडीला पुढं नेतो. वजन रुंद पट्ट्यावर विभागलं जातं, त्यामुळं माणूस मांडीपर्यंत रुतेल अशा बर्फावरही दोनशे-अडीचशे किलोची गाडी तरंगल्यासारखी जाते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए यांनी १९३० च्या दशकात बर्फावर चालणारी मोठी वाहनं तयार केली. १९५९ मध्ये त्यांच्या कंपनीची 'स्की-डू' ही छोटी गाडी आली आणि ही सवारी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

वेग देण्यासाठी उजव्या अंगठ्याजवळ एक छोटी दांडी असते. अंगठा काढला की इंजिनाचा जोर थांबतो. बहुतेक गाड्यांना एक दोरीही असते, ती चालकाच्या कपड्याला अडकवतात. चालक पडला तर दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. ही दोरी लावलेली आहे का, हे बसण्याआधी डोळ्यांनी बघा.

गुलमर्गच का?

गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. उंची साधारण २,६५० मीटर. 'फुलांचं कुरण' हे नाव सोळाव्या शतकात सुलतान यूसुफ शाह चक यांनी दिल्याचं सांगतात. उन्हाळ्यात जिथं गोल्फचं हिरवं मैदान असतं, तिथंच हिवाळ्यात बर्फाची पांढरी गादी पसरते, आणि नवख्या कुटुंबासाठी स्नोमोबाइलची सर्वांत सोयीची जागा तीच. वर गोंडोला आहे. तिचा पहिला टप्पा कोंगदूरीला सुमारे ३,१०० मीटरवर आणि दुसरा अफरवतच्या डोंगरावर जवळपास ३,९५० मीटरवर नेतो.

दुसरा पर्याय सोनमर्गचा. पूर्वी हिवाळ्यात तिथला रस्ता बंद पडायचा. १३ जानेवारी २०२५ ला सुमारे साडेसहा किलोमीटरचा सोनमर्ग बोगदा खुला झाला, तेव्हापासून श्रीनगरहून हिवाळ्यातही तिथं जाता येतं. अंतर अंदाजे ८० किलोमीटर. पण लहान मुलं आणि वयस्कर सोबत असतील तर पहिली सफर गुलमर्गचीच करा, कारण राहणं, जेवण आणि दवाखाना तिथं हाताशी आहे.

तारीख कशी ठरवायची?

काश्मिरी लोक थंडीचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलां, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. सर्वांत कडक थंडी पहिल्या चाळीस दिवसांत पडते. पण थंडी आहे म्हणून बर्फ असेलच, असं नाही. जानेवारी २०२४ चा बहुतेक काळ गुलमर्गचं मैदान कोरडं होतं. २०२५ मध्ये बर्फ कमी पडल्यामुळं फेब्रुवारीत ठरलेले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ मार्चवर ढकलावे लागले. सरकारी स्पर्धेची ही कथा, मग आपल्या पाच दिवसांच्या पॅकेजचं काय!

म्हणून डिसेंबर अखेरपेक्षा जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारी अखेर हा काळ जास्त भरवशाचा. नाताळ-नववर्षाला गर्दीही भरपूर असते. यात आपल्याकडच्या दोन गोष्टी लक्षात घ्या.

एक, शाळा. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. घरात बोर्डाचं मूल असेल तर त्या वर्षी हा बेत करूच नका. शिक्षक म्हणून आमचं हे मत आग्रहाचं आहे. उणे तापमानातून आलेलं खोकला-तापाचं मूल परीक्षेच्या बाकावर बसवू नका.

दुसरी, रमजान. २०२६ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येतो आणि नंतर दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. म्हणजे पुढची काही वर्षं रोजे बर्फाच्या हंगामातच असतील. तिकीट काढण्याआधी इस्लामी कॅलेंडर बघून घ्या.

जायचं कसं?

मुंबईहून श्रीनगरला थेट विमानं आहेत, साधारण तीन तास लागतात. पण धुकं आणि बर्फवृष्टीमुळं हिवाळ्यात विमानं उशिरा उडतात, कधी रद्दही होतात. रेल्वेनं जाणाऱ्यांसाठी पुण्याहून जम्मूतवीला झेलम एक्स्प्रेस आहे, मुंबईच्या वांद्रे टर्मिनसहून कटऱ्याला स्वराज एक्स्प्रेस. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते, त्यामुळं जम्मू-श्रीनगर महामार्ग दरड किंवा बर्फानं बंद पडला तरी एक रस्ता उरतो.

श्रीनगरहून गुलमर्गला जाताना टंगमर्ग लागतं. तिथून पुढचे सुमारे १३ किलोमीटर घाटाचे. बर्फ पडला की पोलीस फक्त फोर बाय फोर गाड्या किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या वर सोडतात. श्रीनगरची टॅक्सी ठरवतानाच विचारा : "टंगमर्गपर्यंतचं भाडं आहे का गुलमर्गपर्यंतचं? साखळ्या आहेत का? गाडी बदलावी लागली तर पैसे कोण देणार?" आम्ही पहिल्या वेळी हे विचारलं नव्हतं. टंगमर्गला सामान, दोन मुलं आणि अम्मी यांच्यासह दीड तास उघड्यावर उभे राहिलो आणि दुसऱ्या गाडीचे पैसे वेगळे मोजले. चालकाची काही चूक नव्हती, आम्हीच विचारलं नव्हतं.

फोनचंही बघा. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातल्या निदान दोघांकडं पोस्टपेड हवं. बर्फात कुटुंब दोन गटांत विभागलं जातं आणि एकच फोन चालू असेल तर कुणाला शोधणार?

पाच दिवसांचा साधा बेत

पहिला दिवस : श्रीनगरला पोहोचणं, आराम. बाजारातून गरम मोजे, हातमोजे घेणं.

दुसरा दिवस : सकाळी निघून दुपारपर्यंत गुलमर्ग. त्या दिवशी फक्त सावकाश फिरणं. शरीराला उंचीची सवय होऊ द्या.

तिसरा दिवस : हवा चांगली असेल तर सकाळी स्नोमोबाइल, दुपारी मुलांना बर्फात खेळू देणं.

चौथा दिवस : हा दिवस मोकळा ठेवा. तिसऱ्या दिवशी हिमवृष्टी झाली तर सवारी आज. नाही झाली तर गोंडोलाचा पहिला टप्पा, किंवा रस्ता खुला असेल तर उतरताना बाबा रेशींच्या दर्ग्याची जियारत.

पाचवा दिवस : श्रीनगरला परत. विमान सहाव्या दिवशीचं घ्या. श्रीनगर विमानतळावर तपासणीचे टप्पे जास्त आहेत, तीन तास आधी पोहोचा.

हा मोकळा दिवस बहुतेक पॅकेजमध्ये नसतो आणि बहुतेक कुटुंबांना तो फुकटचा खर्च वाटतो. पण हाच दिवस तुम्हाला खराब हवेत "आता आलोच आहोत तर बसू" म्हणण्यापासून वाचवतो. बर्फातले बरेच चुकीचे निर्णय हौसेपेक्षा घाईमुळं होतात.

गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आणि आधीच काढा, हंगामात ती लवकर संपतात.

थंडीचं गणित

स्नोमोबाइलवरची थंडी थर्मामीटरवर दिसत नाही. हवा उणे १० अंश असेल आणि तुम्ही ताशी ४० किलोमीटरनं जात असाल, तर उघड्या कातडीला ती उणे २१ अंशांसारखी लागते. मागं बसलेल्यापेक्षा पुढच्याला जास्त, आणि हात-नाक-कानांना सर्वांत जास्त.

कपडे तीन थरांत घाला. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. सुती कपडा आतून घालू नका. तो घामानं भिजतो आणि वाळत नाही. लांब कोट आणि गमबूट टंगमर्ग-गुलमर्गला भाड्यानं मिळतात. बूट घेताना आत हात घालून बघा, ओले असतील तर बदलून मागा. हातमोजे मात्र घरूनच वॉटरप्रूफ न्या. आमच्या पुतणीनं लोकरीचे हातमोजे घातले होते. बर्फाचे गोळे करून ते भिजले आणि तशीच ती गाडीवर बसली. उतरली तेव्हा बोटं पांढरी पडली होती, तिला काही जाणवत नव्हतं. चालकानंच तिचे हात आपल्या फेरनमध्ये घेतले. दहा-पंधरा मिनिटांनी ती रडायला लागली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. अशा वेळी बोटं चोळू नका, शेगडीवर धरू नका. कोरड्या कपड्यात, काखेत किंवा कोमट पाण्यात हळूहळू गरम करा. बधिरपणा गेला नाही तर थेट डॉक्टरकडं.

माता-भगिनींसाठी खास सूचना. ओढणी, शाल, लांब बुरखा किंवा अबायाचा घोळ गाडीच्या फिरत्या पट्ट्यात अडकू शकतो. हे किरकोळ समजू नका. हिजाब डोक्याला घट्ट बसणारा घाला, त्याची टोकं जॅकेटच्या आत खोचा. सैल पँटवर गुडघ्यापर्यंतचा जाड कोट घातला की पडदाही राहतो आणि धोकाही टळतो. हेल्मेट हिजाबवरून नीट बसतं का, आधीच बघा.

काळा चष्मा ही चैन नव्हे. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि उंचीवर ते मुळातच जास्त असतात. चष्म्याशिवाय दिवसभर राहिलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

गाडी ठरवताना विचारायचे सहा प्रश्न

१. कुठून कुठं नेणार? नुसतं 'पॉइंट' म्हणू नका, जागेचं नाव आणि जमलं तर अंतर विचारा.
२. सवारी किती मिनिटांची? थांबण्याचा वेळ त्यात धरलाय का?
३. दर माणशी आहे का गाडीमागं? मंजूर दरपत्रक दाखवा म्हणा.
४. चालक सोबत असणार का? नवख्यानं एकट्यानं चालवू नये. हौस असेल तर सपाट मैदानावर, चालक मागं बसलेला असताना.
५. हेल्मेट आहे का? नसेल तर दुसरी गाडी बघा.
६. एका गाडीवर किती जण? चालकामागं एक मोठा, फार तर एक लहान मूल. चौघांना कोंबणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

पहिल्या वेळी आम्हाला 'एक तास' सांगितलं होतं, वीस मिनिटांत परत आणलं. वाद घातला, मन खट्टू झालं. पुढच्या वेळी हे सहा प्रश्न विचारले, तर सगळं आधीच स्पष्ट झालं आणि तोच प्रवास आनंदाचा वाटला. भाव करताना एक लक्षात ठेवा. या लोकांची वर्षाची कमाई दोन-तीन महिन्यांच्या बर्फावर असते. योग्य दर द्या, पण सुरक्षेत घासाघीस करू नका. शंभर-दोनशे वाचवायला हेल्मेट नसलेली गाडी घेणं हा तोट्याचा सौदा आहे.

धोका कुठं आहे?

मैदानावरच्या सवारीत मुख्य धोका पडण्याचा आणि टक्कर होण्याचा. वरच्या उतारांवर मात्र हिमस्खलनाचा धोका असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीयर दगावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. तरबेज लोकांची ही गत होते, मग आपण तर पाहुणे. मोठी हिमवृष्टी झाल्यानंतरचा पहिला दिवस-दोन दिवस उतारांपासून लांब राहा. जम्मू-काश्मीरचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण जिल्हावार इशारे देतं. बारामुल्ला जिल्ह्याचा इशारा रोज सकाळी बघा. चालक म्हणाला, "आज वर नको," तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

दुसरा धोका खोलीतला. कांगडी, बुखारी किंवा गॅसचा हीटर बंद खोलीत रात्रभर चालू ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरमध्ये एकाच कुटुंबातले पाच जण असे गुदमरून गेले. झोपताना शेगडी बंद करा, खिडकीला थोडी फट ठेवा, विजेचं ब्लँकेट मागा.

तिसरा, उंची. गुलमर्गला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटच असतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप न लागणं ही लक्षणं दिसली तर वर जाऊ नका. वाढली तर त्याच दिवशी खाली उतरा. टंगमर्गला सरकारी रुग्णालय आहे, मोठ्या उपचारांसाठी श्रीनगरला सौरा इथलं स्किम्स.

कुणी बसू नये?

गरोदर बहिणी, मणक्याचा किंवा मानेचा त्रास असलेले, नुकतं ऑपरेशन झालेले, हृदयविकाराचे रुग्ण आणि हेल्मेट न बसणारी लहान मुलं. बर्फाच्या उंचवट्यांवर गाडी आदळते, तो धक्का थेट पाठीत जातो. रक्तदाब-मधुमेह असणाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. औषधं दुप्पट न्यावीत आणि अर्धी हातातल्या बॅगेत ठेवावीत. इन्सुलिन गोठता कामा नये, ते अंगाजवळच्या खिशात ठेवा. फोनही तिथंच, कारण थंडीत बॅटरी भराभर उतरते.

दिवस छोटा, नमाज वेळेवर

डिसेंबर अखेरीस श्रीनगरला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. म्हणजे जोहर, असर आणि मगरिब पाच तासांत येतात. सवारी सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान ठेवली तर नमाजही निवांत होते आणि प्रकाशही भरपूर मिळतो. बर्फ आणि घाट, दोन्ही अंधारात वाईट. कसर आणि मोज्यांवरच्या मसहचे मसले घरूनच आपल्या मौलानांना विचारून घ्या. आपल्याकडं कोकणात शाफई आणि बाकी महाराष्ट्रात बहुतेक हनफी, तेव्हा शेजाऱ्याचं ऐकून चालू नका. हलाल जेवणाची काश्मीरमध्ये काळजीच नाही. उलट हरिसा आणि वाजवानपुढं मुलांना आवरावं लागतं.

शेवटी

दुसऱ्या सफरीत अम्मी अडुसष्ट वर्षांच्या होत्या. गुडघे दुखरे, रक्तदाबाची गोळी चालू. "मी पण बसणार," म्हणून हटून बसल्या. डॉक्टरांना आधीच विचारलं होतं : गुलमर्ग चालेल, अफरवत नको, धक्के नकोत. तिसऱ्या दिवशी हिमवृष्टी होती. कुणी काही बोललं नाही, सगळे खोलीत बसून कहवा प्यालो. चौथ्या दिवशी ऊन पडलं. चालकाला आम्ही सांगितलं, सपाट मैदान, एकच फेरी, सावकाश. तो म्हणाला, "माँ जी है, समझ गया." दहा मिनिटांची फेरी. अम्मी उतरल्या, हेल्मेट काढून त्यांनी पहिल्यांदा हिजाब सारखा केला आणि म्हणाल्या, "गाडीपेक्षा ती शांतता बरी वाटली."

इंजिन बंद झाल्यावर बर्फावर जी शांतता पसरते, ती खरंच ऐकण्यासारखी असते. जा, जरूर जा. सामानात एक मोकळा दिवस आणि कोरडे हातमोजे जास्तीचे असू द्या. सफर इंशाअल्लाह चांगली होईल.